वाचवलेला पूल, विलंबाने आलेले स्मारक

१९६९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेनेसी राज्यातील चॅटनूगा हे देशातील सर्वांत प्रदूषित हवेचे शहर ठरवले. पुढे कारखानेही बंद पडले.

१९८४ मध्ये 'व्हिजन २०००' उपक्रमात सुमारे १,७०० नागरिकांनी २० आठवडे सभांत बसून शहरासाठी ४० उद्दिष्टे निश्चित केली.

१९७८ पासून बंद असलेला वॉलनट स्ट्रीट पूल पाडण्याचे घाटत होते. नागरिकांच्या आग्रहाने तो वाचला. १९९३ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला.

याच पुलावर १९०६ साली, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती असतानाही, जमावाने एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाचा बळी घेतला होता. पुलाशी त्याचे स्मारक नागरिकांच्याच पुढाकाराने उभे राहिले, परंतु त्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले.