दूरचित्रवाणीच्या बातम्यांचे दफ्तर

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि प्रक्षेपणाबरोबरच नाहीसे होत. ते जपायचेच ठरले, तर पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून फिल्मवर उतरवून घ्यावे लागत. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चित्रफितीचे यंत्र, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या फितीवर चित्र व ध्वनी मुद्रित करणारे साधन, पुढे आणले. परंतु दोन इंच रुंदीची ती फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, त्यामुळे जतन शक्य करणाऱ्या साधनानेच पुसून टाकणेही सोयीचे केले. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७० च्या दशकापर्यंत अशा असंख्य फिती पुसल्या. नाटके व मालिका पुनःप्रक्षेपणाच्या आशेने काही प्रमाणात तरी उरल्या. रोजच्या बातम्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कोणी वाली नसे.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथील विमा व्यवसायातील अधिकारी पॉल सिम्पसन यांना १९६८ मध्ये असे कळले, की तिन्ही राष्ट्रीय वाहिन्या स्वतःच्या बातमीपत्रांच्या फिती सुमारे दोन आठवडेच ठेवतात. त्यांच्या आग्रहावरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून एबीसी, सीबीएस व एनबीसी यांची सायंकालीन बातमीपत्रे मुद्रित करण्यास प्रारंभ केला. हे मुद्रण वाहिनीच्या भांडारातून नव्हे, तर प्रेक्षकांपर्यंत पोहोचणाऱ्या प्रक्षेपणातून होत असल्याने बातम्यांचा क्रम, त्यांना मिळालेला वेळ आणि मधल्या जाहिरातीही टिकल्या. शिवाय प्रत्येक बातमीचा लेखी गोषवारा तयार केला गेला, ज्यावाचून हजारो तासांच्या फितींमध्ये हवा तो प्रसंग शोधणे अशक्यप्राय ठरले असते. इतिहासकाराच्या दृष्टीने हा गोषवारा फितीइतकाच मोलाचा आहे.

१९७३ मध्ये सीबीएसने स्वामित्वहक्काच्या, म्हणजे निर्मात्याच्या कायदेशीर मालकीच्या, आधारे विद्यापीठावर दावा लावला. पुढे १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ग्रंथालयांना दृक्‌श्राव्य बातमीपत्रे मुद्रित करून त्यांच्या मर्यादित प्रती उसन्या देण्याची मुभा मिळाली, आणि तो दावाही मागे घेण्यात आला. या तरतुदीचे महत्त्व कोणत्याही यंत्राच्या शोधाहून कमी लेखता येणार नाही. फ्रान्स त्याही पुढे गेला: १९९२ च्या कायद्याने तेथे नभोवाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रमही पुस्तकांप्रमाणे राष्ट्रीय संग्रहात जमा करणे बंधनकारक झाले.

भारतात १९५४ च्या कायद्याने पुस्तके, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वृत्तपत्रेही, ठरावीक ग्रंथालयांकडे धाडणे प्रकाशकांवर बंधनकारक केले असून मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक आहे. परंतु त्या कायद्याच्या कक्षेत प्रक्षेपण येत नाही. परिणामी, १९७० च्या दशकातील मुंबईचा अभ्यास करणाऱ्याला त्या काळच्या वृत्तपत्रांसाठी कायद्याने उभारलेल्या संग्रहाचा आधार आहे, तर २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांसाठी तसा आधार त्या कायद्याने त्याला दिलेला नाही.