वाशिम जिल्ह्यातील इंग्रजांची संख्या : एक विचार

हिंदुस्थानात इंग्रज किती होते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्याने दिले जाते. १८६१ साली ही संख्या १,२५,९४५ होती व तीत ८४,०८३ लष्करी लोक होते. १९०१ च्या शिरगणतीत युरोपीय सुमारे १ लाख ७० हजार भरले. एकूण लोकसंख्या २९ कोटींवर असल्याने हे प्रमाण साधारणतः सतराशेंस एक असे पडते. वऱ्हाडातील तत्कालीन वाशिम जिल्ह्यास ते लावून पाहिले असता त्याचा फोलपणा ध्यानी येतो.

त्या साली वाशिम, मंगरूळ व पुसद या तीन तालुक्यांची मिळून वस्ती ३,५३,४१० होती. वरील हिशेबाने तेथे दोनशेंच्या आसपास युरोपीय असावयास हवेत. पण ते राहणार कोठे? वाशिमास ना छावणी होती, ना रेल्वे. हैदराबाद कंटिंजंटचे ठाणे शेजारच्या हिंगोलीस होते खरे. परंतु १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावरही हिंगोली निजामाच्या मुलखातच राहिली, आणि त्या फौजेतही अधिकारी तेवढे इंग्रज, शिपाई एतद्देशीय. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोल्यावरून गेला. रेल्वेतील गोऱ्या नोकरांची वसाहत भुसावळसारख्या ठिकाणी झाली. राहता राहिले डेप्युटी कमिशनर, पोलीस सुपरिंटेंडेंट, सिव्हिल सर्जन यांसारखे अधिकारी व त्यांची कुटुंबे. पदांचा हा विस्तार पाहता ही संख्या शेकड्यांत जाणे संभवत नाही. मिशनरी त्यांत धरावेत, तर वाशिमचे मेथॉडिस्ट मिशन अमेरिकन. आणि शिरगणतीच्या ‘युरोपीय व तत्सम’ या सदरात अमेरिकनही मोडत! तेव्हा युरोपीय म्हणजे इंग्रज हे समीकरणही जपूनच वापरावे.

या अल्पसंख्येवरून राज्य प्रजेच्या संमतीने चालले होते, असे अनुमान काढण्यात येते. ते प्रस्तुत लेखकास मान्य नाही. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी लागू झाली. सारा ठरविण्याचा अधिकार साहेबाचा, वसुलीचे काम पाटील-पटवाऱ्यांचे व तहसिलीतील कारकुनांचे. प्रजेचा नित्य संबंध या एतद्देशीय नोकरवर्गाशी येई. निर्णय मात्र त्याच्या हाती नसे. १८९१ साली ३,९८,१८१ असलेली जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांत सुमारे ४५ हजारांनी घटली. त्या दशकात १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. अशा काळी सारा तहकूब करणे, दुष्काळी कामे काढणे, मजुरीचा दर बांधणे हे प्रश्न ज्यांच्या हुकमावर अवलंबून होते, त्यांची गणना किती झाली याला दुय्यम महत्त्व आहे.

१९०५ साली वाशिम जिल्हाच मोडला. पुसद यवतमाळकडे व उरलेले दोन तालुके अकोल्याकडे गेले; डेप्युटी कमिशनरची जागाही गेली. वाशिमच्या तहसिलीतील वसुली पूर्ववत चालू राहिली. स्वतंत्र वाशिम जिल्हा पुन्हा निर्माण झाला तो १९९८ साली.