कलकत्त्याचे संस्कृत बायबल आणि केडगावचे मराठी बायबल

पंडिता रमाबाईंच्या हाती बायबल प्रथम आले ते कलकत्त्यात, इ. स. १८७८ मध्ये, आणि तेही संस्कृत भाषेतले. दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांना गमावल्यावर बंधू श्रीनिवासशास्त्री यांच्यासह पायी भटकत ही वीस वर्षांची ब्राह्मणकन्या त्या नगरीत पोचली होती. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच सुमारास भावंडांना एका ख्रिस्ती मेळाव्याचे निमंत्रण आले. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले. तेथे भेट मिळालेला ग्रंथ रमाबाईंनी उघडून पाहिला. पण तो वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे त्यांचे मत झाले. मात्र तो त्यांनी टाकून दिला नाही.

हा ग्रंथ संस्कृतात असण्यामागे सत्तर वर्षांची परंपरा होती. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे व त्यांचे सहकारी यांनी १८०८ मध्ये संस्कृत नवा करार छापला. फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला मराठी नवा करार १८११ मध्ये तेथूनच निघाला. शास्त्र पंडितांच्या भाषेत उतरले म्हणजे पंडितवर्गात त्याला प्रतिष्ठा लाभेल, अशी या खटाटोपामागची अपेक्षा होती. रमाबाईंपुरती ती फसली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जिच्या घरी संस्कृत विद्या आणली त्या लक्ष्मीबाईंची ही मुलगी. भागवताचे हजारो श्लोक तिच्या जिभेवर होते. शब्द संस्कृतच होते, पण त्यांतून बोलणारे जग तिला सर्वस्वी परके होते.

याच कलकत्त्यात दुसरी एक घटना घडली, आणि ती अधिक दूरगामी ठरली. पडदानशीन स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत, अशी पंडितांनी रमाबाईंना विनंती केली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचावयास घेतले. इतर बाबतींत परस्परविरोधी असलेले हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमुखी आहेत, असे त्यांना आढळले. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रियांना वेदाधिकार नाही हा संस्कार दृढ असल्याने त्या प्रथम बिचकल्या, पण पुढे त्यांनी तोही वाचला. अशा रीतीने, जेथे शास्त्रज्ञानाबद्दल त्यांना सरस्वती म्हटले गेले, तेथेच त्या ज्ञानाने त्यांची वडिलोपार्जित श्रद्धा पोखरली. आयुष्यभर त्यांना पुरलेला प्रश्न येथे उपजला: ग्रंथ जाणणे आणि ग्रंथावर विसंबणे यांचा परस्परांशी संबंध काय?

विवाहानंतर सिलचर येथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले, आणि त्या लहानग्या मनोरमेसह पुण्यास आल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात गेल्या. फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा भगिनी करीत असलेली त्यांनी पाहिली आणि त्यामागील कारण विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. संस्कृतात जे बंद राहिले होते ते येथे उघडले, कारण या वेळी ग्रंथाशेजारी त्याचे आचरण उभे होते. बुद्धीची बाजू नेहेम्या गोरे यांच्या पत्राने सांभाळली. मूळचे नीलकंठशास्त्री असलेले हे काशीचे विद्वान स्वतः वादविवादातून ख्रिस्ती धर्मात आले होते. ख्रिस्ती झाल्यावरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

प्रश्न मात्र मिटला नाही. त्रैक्यासारखे सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मानण्यास रमाबाई तयार नव्हत्या. बायबलात आधार दाखवा, असा त्यांचा आग्रह असे. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. वास्तविक ती शास्त्र्याच्या कन्येची सवय होती. प्रमाण मागण्याची रीत तिने गंगामूळच्या आश्रमातून सोबत आणली होती. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचले. पुष्कळ काळ प्रवचने केल्यावर १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे परिवर्तन झाले होते. रमाबाई चमकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले. आठ वर्षे बायबल वाचलेल्या, त्यावरून वाद घातलेल्या स्त्रीने दिलेली ही कबुली आहे, हे ध्यानी घ्यावयास हवे.

येथून पुढे एखादा साधक पुस्तक मिटून ठेवता. रमाबाईंनी तसे केले नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेची लाट उसळली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत असत. याच काळात त्यांची ही आश्रयदाती हिब्रू व ग्रीक व्याकरणे घेऊन बसली होती. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. कलकत्त्यात आपल्याला जो अनुभव आला तो या मुलींच्या वाट्याला येऊ नये, अशी त्यामागे भावना असावी. ज्यांना ‘सरस्वती’ म्हटले गेले त्यांनी संस्कृतचा मोह सोडून मराठी लिहावे, हा त्याग लहान नव्हता.

हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना रमाबाईंनी केल्याची आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी चर्चमध्ये त्याचा सर्वत्र स्वीकार झाला नाही. बायबल सोसायटीचे भाषांतरच उपासनेत चालू राहिले. मात्र त्याचे खिळे जुळवले आणि पाने छापली ती मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी. त्यांपैकी कित्येकींनी अक्षरे शिकली ती त्या सदनात आल्यावरच.