फॅन्सी ड्रेस भाड्याने देण्याचा जोडधंदा: चाकण-पिंपरी पट्ट्यात हिशोब कसा बसतो?

चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला असलेल्याला ब्रेक कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळं खेड, मावळ, हवेलीतल्या अनेक घरांत शिलाई मशीनवर दुसरी कमाई सुरू असते. ब्लाउज, फॉल-पिको तर गावोगाव आहेच. त्याच मशीनवर होणारा दुसरा धंदा म्हणजे मुलांचे फॅन्सी ड्रेस शिवून भाड्यानं देणं.

आपल्या भागात मागणी शाळांची. देहू-आळंदी जवळच, त्यामुळं आषाढीच्या बालदिंडीला विठ्ठल-रखुमाई आणि वारकरी लागतातच. मग जन्माष्टमी, १५ ऑगस्ट. डिसेंबरपासून गॅदरिंग. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. एप्रिल-मे मात्र कोरडा.

आता हिशोब. समजा मावळ्याचा एक ड्रेस ८०० रुपयांत तयार झाला आणि भाडं १५० ठेवलं. धुलाई, इस्त्री, पेट्रोलचे ३० वजा केले तर हातात १२० राहतात. म्हणजे ड्रेस सात वेळा बाहेर गेला तर पैसे वसूल. पण शिवजयंतीला सगळ्या शाळांना मावळे एकाच दिवशी हवेत. हौसेनं ४० मावळे शिवले आणि ते वर्षातून एकदाच गेले, तर वसुलीला सात वर्षं! तोवर कापड तरी टिकेल का? इथंच बहुतेकांचं भांडवल अडकतं.

म्हणून ड्रेस असा शिवा की तो बदलून वापरता येईल. पांढरा सदरा-धोतर एकच. टोपी-टाळ दिले की वारकरी, मुंडासं दिलं की शेतकरी, कमरेला शेला आणि ढाल-तलवार दिली की मावळा. शिवलेली नऊवारी रखुमाईलाही चालते, सावित्रीबाईंनाही. दागिने, मुकुट बदलायचे. ते पुण्यात तुळशीबाग, बोहरी आळीत मिळतात. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक ठेवा, म्हणजे एक माप दोन-तीन इयत्तांना पुरतं.

डिपॉझिट घ्याच, ओळखीचा असला तरी. ड्रेस देताना प्रत्येक वस्तूचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. हरवतात त्या बारीक गोष्टी: बासरी, चष्मा, मिशा.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. भाड्यानं देणं ही सेवा धरली जाते, त्यामुळं वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. शिलाईचं काम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत पात्रता बसल्यास ५ टक्के व्याजानं पहिलं १ लाखाचं कर्ज मिळू शकतं. पण पहिले दहा-बारा ड्रेस स्वतःच्या पैशातूनच करावेत, असं माझं मत.

नोकरी लगेच सोडू नका. एक पूर्ण वर्ष, कोरड्या एप्रिल-मेसकट, वहीत लिहून काढा.

शाळांत जम बसला की कंपन्यांकडं वळता येतं. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला पथनाट्यं होतात, हेल्मेटच्या जनजागृतीत यमराज लागतो. तिथं भाडं बरं मिळतं, पण बिल उशिरा निघतं. लेखी ऑर्डर घेऊनच यमराज गेटच्या आत पाठवा.