पाटीवरचं नाव : स्वामिनाथन, ‘रूपंकर’ आणि आपला छत्तीसगड

भिलाईहून तुमच्याशी बोलतोय. मालिकेच्या या भागात आपण एका क्युरेटरची गोष्ट ऐकणार आहोत. क्युरेटर हा शब्द आता मराठीतही सर्रास वापरला जातो, पण हा माणूस नेमकं काय करतो, असं विचारलं की उत्तरं गुळमुळीत येतात. माझं उत्तर साधं आहे. कुणाची वस्तू भिंतीवर लागेल, ती कशाशेजारी लागेल आणि तिच्याखालच्या पाटीवर काय लिहिलं जाईल, हे जो ठरवतो तो क्युरेटर. पाटीवर काय लिहायचं यावर माणसांची आयुष्यं बदलली आहेत. आपल्या छत्तीसगडमध्ये बदलली आहेत.

तो माणूस म्हणजे जगदीश स्वामिनाथन. जन्म 1928 चा, सिमल्यातला, तमिळ कुटुंबातला. डॉक्टरकीच्या वाटेवरचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं. मग राजकारण, आधी समाजवादी आणि पुढे कम्युनिस्ट. पोटापाण्यासाठी पत्रकारिता. दिल्लीत संध्याकाळच्या वर्गात चित्रकला शिकले. 1957 च्या सुमारास शिष्यवृत्ती घेऊन पोलंडला वॉर्सात गेले आणि अभ्यासक्रम पूर्ण न करताच परतले. परतल्यावर ‘लिंक’ या साप्ताहिकात कलासमीक्षा लिहू लागले. म्हणजे स्वामिनाथन आधी लिहिते झाले आणि मग चित्रकार म्हणून गाजले. पक्षी, डोंगर आणि झाड यांची त्यांची चित्रं आज सगळ्यांना माहीत आहेत. आपल्या विषयासाठी मात्र त्यांचा लिहिता हात जास्त महत्त्वाचा.

1962 मध्ये भावनगरला बारा चित्रकार-शिल्पकार जमले आणि त्यांनी एक गट काढला. ज्या घरात बैठक झाली त्या घराचा नंबर 1890, म्हणून गटाचं नावही ‘ग्रुप 1890’. त्या बारा जणांत आपले अंबादास होते, अकोल्याचे. अकोला आणि आमचा दुर्ग जिल्हा हे दोन्ही 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तेव्हा अंबादास यांना आम्ही भिलाईकरांनीही ‘आपले’ म्हटलं तर हरकत नसावी. या गटाचं एकच प्रदर्शन झालं, ऑक्टोबर 1963 मध्ये दिल्लीत. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. पुस्तिकेची प्रस्तावना लिहिली ऑक्टाव्हियो पाझ यांनी, जे तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते. गटाचा जाहीरनामा बहुतांशी स्वामिनाथन यांच्या विचारातून उतरलेला. युरोपच्या आधुनिकतेची नक्कल नको आणि जुन्या भारतीयत्वाची आळवणीही नको, असा त्याचा सूर होता.

मग हवं काय? हे सांगायला त्यांना जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि ते सांगितलं भोपाळमध्ये.

1980 च्या आसपास मध्य प्रदेश सरकारने भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी एक कलाकेंद्र उभं करायचं ठरवलं. वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. प्रशासनातून त्यामागे उभे होते हिंदी कवी अशोक वाजपेयी. केंद्राचं नाव भारत भवन, आणि त्यातल्या कलासंग्रहालयाचं नाव ‘रूपंकर’. रूपंकरची जबाबदारी स्वामिनाथन यांच्याकडे आली. तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्य नव्हतं. ते झालं 1 नोव्हेंबर 2000 रोजी. म्हणजे बस्तर, सरगुजा, दुर्ग हे सगळं त्यांच्याच कार्यक्षेत्रात होतं.

त्यांनी काय केलं? कलाशाळांतल्या तरुणांच्या तुकड्या गावोगाव पाठवल्या. भिंती बघा, अंगणं बघा, देवळी बघा, आणि हे कुणी केलं ते विचारा. मिळेल ते आणा, पण करणाऱ्यालाही भेटा. 13 फेब्रुवारी 1982 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा रूपंकरमध्ये शहरी आधुनिक चित्रांचं दालन आणि लोक-आदिवासी कलेचं दालन एकाच छताखाली, बरोबरीने मांडलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? त्याआधीची पद्धत आठवा. आदिवासींनी केलेली वस्तू मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात जायची किंवा हस्तकलेच्या दुकानात. पाटीवर जमातीचं नाव, जिल्ह्याचं नाव, फार तर साहित्य : माती, पितळ, लाकूड. करणाऱ्याचं नाव नाही. शहरातल्या चित्रकाराचं चित्र मात्र नावानिशी, सालासह. स्वामिनाथन यांचा मुद्दा असा होता की आज जिवंत असलेला, आज हाताने काही घडवणारा माणूस आजचाच कलावंत आहे. त्याला ‘परंपरा’ म्हणून भूतकाळात ढकलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? 1987 मध्ये रूपंकरच्या संग्रहावर आलेल्या ‘द परसीव्हिंग फिंगर्स’ या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडलं. समकालीन म्हणजे एकाच वेळी जगणाऱ्या सगळ्या संस्कृती, आणि त्या सगळ्या सारख्याच खऱ्या, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश.

आता हे आम्हा भिलाईकरांना जरा झोंबणारं आहे. आमचं गाव ‘आधुनिक भारत’ म्हणूनच वसलं. 1955 चा सोव्हिएत करार, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, सेक्टरांत आखलेली वसाहत. आमच्या डोक्यात हिशेब सोपा होता : पोलाद म्हणजे आज, बस्तर म्हणजे काल. पण भट्टीत जाणारं लोहखनिज तर दल्ली-राजहराहून येत होतं, आदिवासी मुलखातून. माल आजचा आणि माणसं कालची, हे कसं?

आमच्या क्वार्टरांत जवळजवळ प्रत्येक शोकेसमध्ये बस्तरची एक पितळी मूर्ती असायची. कुणाच्या तरी निवृत्तीला मिळालेली. हत्ती, घोडेस्वार, नाहीतर देवी. ही घडवा लोकांची ओतकामाची कला. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून अंगावरची नक्षी काढायची, वर पुन्हा मातीचा लेप द्यायचा. भाजताना मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी वितळलेला धातू शिरतो. शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. हुबेहूब दुसरी होऊच शकत नाही. आणि तरीही आम्ही कधी विचारलं नाही की ही केली कुणी. कोंडागावचे जयदेव बघेल याच कलेतले नामवंत शिल्पकार होते. पण ते नाव मला मोठेपणी, पुस्तकातून कळलं. याउलट भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई घराघरात माहीत होत्या. पंडवानी गाणाऱ्या, स्टील प्लांटमध्ये नोकरीला असलेल्या, 2019 च्या पद्मविभूषण. गाणाऱ्याचं नाव त्याच्या आवाजाबरोबर फिरतं. घडवणाऱ्याचं नाव वस्तू विकली की मागे राहतं. ते सोबत पाठवायचं काम कुणीतरी करावं लागतं.

स्वामिनाथन यांनी ते केलं. सरगुजातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार वर्षानुवर्षं घराबाहेर फारशा पडल्याच नव्हत्या. मुलाला खेळायला म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली, मग भिंतींवर माणसं, पक्षी, जाळ्या उभ्या केल्या. रूपंकरच्या शोधमोहिमेमुळे ते काम बाहेरच्या जगाने पाहिलं आणि 1983 चा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. झाबुआकडच्या भूरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या. स्वामिनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. 2021 मध्ये त्या पद्मश्री झाल्या. आणि पाटनगढचे जनगढसिंह श्याम, परधान गोंड, तेव्हा विशीच्या आसपासचे. घराच्या भिंतीवरचं त्यांचं चित्र या तुकडीने पाहिलं आणि ते भोपाळला आले. 1989 मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. आज आपण ज्याला गोंड चित्रकला म्हणतो, तिची कागदावरची वाट त्यांनी पाडली. म्हणूनच तिला ‘जनगढ कलम’ असंही म्हणतात.

गोष्ट इथेच थांबवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. 1990 मध्ये स्वामिनाथन भारत भवनातून बाहेर पडले आणि 1994 मध्ये गेले. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करत असताना जनगढ यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास. देशातले कलावंत हादरले. परक्या देशात एकट्याने काम करणाऱ्या अशा कलावंताची काळजी कोण घेतं, त्याच्या कराराच्या अटी कोण वाचून बघतं, हे प्रश्न तेव्हा उघडपणे विचारले गेले. नाव पाटीवर आलं, पण नावाबरोबर जी व्यवस्था लागते ती आली नव्हती. माझ्या मते स्वामिनाथन यांच्या कामाची ही उरलेली, अवघड बाजू आहे. तिचा दोष एका माणसावर टाकता येणार नाही. पण दारातून माणसाला आत घेणाऱ्या प्रत्येकाने तिचा विचार करायला हवा.

महाराष्ट्रात याच वाटेवरून आधी एक जण चालून गेले होते : भास्कर कुलकर्णी. 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारला पाठवलं आणि मधुबनीच्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे डहाणूकडे त्यांनी जिव्या सोमा म्हसे यांना कागदावर चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं. म्हसे 2011 मध्ये पद्मश्री झाले. वारली लग्नचौक मात्र मुळात बायका काढत. कागदावर आल्यावर पुरुषांची नावं पुढे आली. म्हणजे पाटीवर एक नाव लिहिताना दुसरं मागे पडू शकतं, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. कुलकर्णींचं काम मोठं, पण आपण असं का केलं हे सांगणारा मोठा ग्रंथ त्यांनी मागे ठेवला नाही. स्वामिनाथन यांनी लिहून ठेवलं, म्हणून आज आपण त्यांच्याशी भांडू शकतो. तुम्ही निवडलंत ते कोणत्या निकषावर? न निवडलेल्यांचं काय झालं? हे विचारायची सोय त्यांच्या लेखनानेच करून दिली आहे. क्युरेटरने लिहावं ते याचसाठी.

मंडळी, भोपाळला गेलात तर रूपंकर नक्की बघा, आणि चित्रांइतक्याच पाट्याही वाचा. आणि तुमच्या घरी बस्तरची मूर्ती असेल, वारलीची चौकट असेल, तर ती ज्याच्याकडून घेतली त्याला एकदा करणाऱ्याचं नाव विचारा. मिळालं तर मागे लिहून ठेवा. नाही मिळालं, तर का नाही मिळालं हेही विचारा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.