एका डोळ्याचा सायक्लॉप्स आणि नारूची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग आधी एक काम सांगतो. घरात कुणी साठी ओलांडलेलं, गावाकडं वाढलेलं असेल तर त्यांना एकच शब्द विचारा : नारू. चेहरा बघा कसा बदलतो ते.

नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा दोरीसारखा जंत, मीटरभर लांबसुद्धा. जोरात ओढला तर तुटायचा आणि जखम चिघळायची. म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. तोवर माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला, शेत तसंच पडलेलं.

हा शरीरात शिरतो कसा? १८७०च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांना मध्य आशियात दिसलं, की नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या शरीरात वाढतात. सायक्लॉप्स म्हणजे खेकडा-कोळंबीचा एक-दोन मिलीमीटरचा भाऊबंद. डोळा एकच, म्हणून नाव ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं.

तसा हा तळ्याचा पोशिंदा. तो शेवाळाचे कण आणि बारीक जीव खातो, त्याला माशांची पिल्लं खातात. याच साखळीत नारू घुसला. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचा. जंत तिथं पिल्लं सोडायचा, ती सायक्लॉप्स खायचा आणि न गाळलेल्या पाण्यातून सायक्लॉप्स आपल्या पोटात! साधारण वर्षभरानं पायाला फोड.

यावर लस नाही, नारू मारणारं औषधही नाही. मग तोडायची ती साखळीच. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चितळदुर्ग भागात विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडून पाहिले. १९८०च्या दशकात भारतानं मोठी मोहीम काढली, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. हातपंप आले, बारवांत उतरणं थांबवलं, पाण्यात टेमेफॉस टाकलं. आणि घरोघरी एकच सांगणं : पाणी कापडातून गाळून प्या. सायक्लॉप्स कापडावरच अडकतो.

भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला नारूमुक्त जाहीर केलं.

सायक्लॉप्स मात्र आजही आपल्या तळ्यांत आहे, मासे जगवतोय. त्याच्या आणि आपल्या मध्ये फक्त एक फडकं आलं. आजी अजून माठावर फडकं बांधत असेल तर हसू नका. तिनं काय काय पाहिलंय, ते विचारा. भेटू पुढच्या भागात!