सूक्ष्म चरे, गडद मोटाररंगावरील

मोटारीच्या रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरात (क्लिअर कोटमध्ये) धुता-पुसताना पडणारे, नखाला न लागणारे बारीक ओरखडे. गॅरेजमध्ये त्यांना ‘बारीक स्क्रॅच’ किंवा ‘स्वर्ल’ म्हणतात. पांढऱ्या गाडीवरही ते पडतात. काळ्या, गर्द निळ्या व गर्द तांबड्या गाडीवर ते दिसतात. त्यांची दुरुस्ती करताना चरा भरला जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो. दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेस रंगाचा काही भाग कायमचा जातो, आणि या विषयातील बहुतेक चुका हे न ओळखल्याने होतात.

थररचना : पोलादी पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यावर विद्युत् निक्षेपणाने बसवलेला गंजरोधक थर (सु. २० मायक्रॉन), त्यावर प्रायमर (सु. ३०), मग रंगद्रव्याचा बेस कोट (१२ ते २०) आणि शेवटी क्लिअर कोट (३५ ते ५०) असा साधारण क्रम असतो. एकूण जाडी बहुधा १०० ते १४० मायक्रॉन भरते. वर्तमानपत्राचा कागद सु. ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे गाडीची सारी झळाळी त्या कागदाहूनही पातळ अशा थरावर अवलंबून असते. जंबुपार किरण शोषणारी द्रव्येही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत रंग फिका पडतो व क्लिअर कोटचे पापुद्रे सुटतात.

गडद रंगावर चरे दिसण्याचे कारण : क्लिअर कोटचा प्रणमनांक सु. १.५ आहे. त्यामुळे सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सु. ४ टक्केच पृष्ठभागावरून परत येतो, बाकीचा आत शिरतो. पांढऱ्या बेस कोटमधून त्याचा मोठा भाग चहूकडे विखरून बाहेर येतो आणि त्या उजेडात चऱ्याची चमक बुडून जाते. काळ्या बेस कोटमधील काजळीसारखा कार्बन तो जवळजवळ सगळा गिळतो. मागे काळोख असल्यामुळे चऱ्याच्या कडेवरून उसळलेला किंचित प्रकाशही डोळ्यांना खुपतो.

दिव्याभोवती किंवा सूर्यबिंबाभोवती दिसणारी गोल जाळी हा दृष्टीचा परिणाम आहे. चरे बहुतांशी सरळ व वाटेल त्या दिशांना असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेलेच चमकतात, आणि अशा चऱ्यांची मांडणी डोळ्याला वर्तुळाकार भासते. दिवा हलवला की वर्तुळेही हलतात. ‘गोल हात फिरवल्याने गोल चरे पडले’ हा समज म्हणून पुरेसा नाही. सरळ हात फिरवला तरी जाळी दिसतेच.

कारणे : मुख्य कारण कोरडी धूळ. क्वॉर्ट्झचे काठिण्य मोस मापप्रमाणावर ७ आहे. दख्खनच्या बेसाल्टी धुळीत क्वॉर्ट्झ कमी असते, पण तिच्यातील फेल्डस्पार व पायरोक्सीन (सु. ५ ते ६.५) क्लिअर कोटच्या बहुवारिकापुढे (पॉलिमरपुढे) पुष्कळ कठीण ठरतात. त्यामुळे सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने दहा-बारा गाड्या पुसण्याची जी रीत आहे, तिच्याइतके नुकसान काळ्या गाडीचे दुसरे काही करत नसावे. फडक्यातले कण आधीच्या गाडीवरून पुढच्या गाडीवर जातात. वाऱ्यात फडफडणारे कव्हर, झटकणी व यांत्रिक धुलाईचे ब्रश ही इतर कारणे. विंधन विहिरीच्या जड पाण्याचे डाग चऱ्यांसारखे दिसत नाहीत, मात्र पुष्कळदा तेही घासूनच काढावे लागतात.

इतिहास : फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. १९२३ च्या सुमारास ड्यु पाँट कंपनीचे ड्युको हे नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर आले. रंगकामाचे आठवडे तासांवर आले, परंतु चमक येण्यासाठी ते घासावे लागे. ‘ड्युको’ हा शब्द आपल्याकडे फर्निचरच्या रंगकामात अजून टिकून आहे. बेस कोट व क्लिअर कोट ही जोडपद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली. एकथरी रंगाची जुनी गाडी घासताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो. जोडपद्धतीत तसे होत नाही. काम सुरू करण्याआधीची ही सोपी परीक्षा आहे.

मोजणी : दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित पायरी. पोलादावर चुंबकीय प्रवर्तनाचे आणि ॲल्युमिनियमवर आवर्त प्रवाहाचे जाडीमापक वापरतात. दोन्ही उपकरणे सर्व थरांची एकत्रित जाडी सांगतात. क्लिअर कोट किती उरला हे त्यांना सांगता येत नाही. त्यासाठी स्वनातीत तरंगांचे महाग उपकरण लागते. प्लॅस्टिकच्या बंपरवर पहिली दोन्ही निरुपयोगी. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये: प्रत्येक पत्र्यावर अनेक ठिकाणी मोजावे आणि दाराच्या आतल्या चौकटीशी ताडून पाहावे. दोनशेच्या वरचा आकडा तो भाग पूर्वी पुन्हा रंगवल्याचे सुचवतो. कित्येक शेकड्यांत गेला तर आत लांबी भरलेली असण्याचा संभव मोठा. ८० च्या खाली आकडा आला तर पॉलिशचे यंत्र लावू नये. पत्र्याच्या कडा व उठावाच्या रेषा यांवर थर मुळातच पातळ असतो, म्हणून तिथे आधी चिकटपट्टी लावतात.

दुरुस्ती : गाडी धुऊन, चिकटलेले कण क्ले बारने काढून, सावलीत व थंड पत्र्यावर काम करतात. आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश व फोमचा पॅड वापरून पाहावा. भागले नाही तरच तीव्र अपघर्षकाकडे वळावे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण चऱ्याच्या कडा गोल करत पृष्ठभाग खाली आणतात. खोल चऱ्याला पाण्याचा पेपर लावतात. पी २००० पेपरच्या कणाचे सरासरी माप सु. १० मायक्रॉन असते, त्यामुळे त्याने पाडलेले चरे पुन्हा पॉलिशने काढावे लागतात. नख अडकत असेल तर चरा पॉलिशने पूर्ण जाण्याची आशा धरू नये. बेस कोटपर्यंत गेलेल्यास टच-अप लागतो.

एकाच अक्षावर फिरणारे यंत्र व लोकरीचा पॅड यांनी काम लवकर उरकते, पण काळ्या रंगावर उन्हात सरकणारे ‘होलोग्राम’ पट्टे उरतात. दुहेरी गतीचे यंत्र हळू काम करते व नवख्याच्या हाती अधिक सुरक्षित असते. कोणते यंत्र वापरावे याबाबत निष्णात कारागिरांत एकमत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहणे आवश्यक आहे, कारण पॉलिशमधील तेल चऱ्यांत बसून त्यांना झाकते. तसे न पुसल्यास गिऱ्हाईक खूश होऊन गाडी नेते आणि दोन धुलायांनंतर जाळी परत दिसते.

मेण व लेप : कार्नोबा मेण चरे काढत नाही, झाकते. सिरॅमिक लेपाबाबत सांगितला जाणारा ‘९एच’ हा अंक पेन्सिल-काठिण्याचा आहे, मोस मापप्रमाणाचा नव्हे.

चरारोधक क्लिअर कोट : मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस नॅनोकणयुक्त आणि निस्सानने २००५ मध्ये उबेने बारीक चरे आपोआप मिटवणारा क्लिअर कोट जाहीर केला. चरारोधकता तपासण्यासाठी प्रयोगशाळेतील यांत्रिक धुलाईची आयएसओ २०५६६ ही प्रमाणित चाचणी आहे.

क्लिअर कोट एकदा आरपार घासला गेला की कोणतेही पॉलिश तो परत आणत नाही. तो पत्रा पुन्हा फवारावा लागतो.